पत्रकाखालचा नंबर

आपलं म्हणणं मांडून त्याखाली दुसऱ्याचा फोन नंबर छापणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? उत्तराची घाई करू नका. मला पाच महिने लागलेत, आणि जो शब्द सापडला तो वडिलांसमोर उच्चारायची माझी अजून हिंमत नाही.

मी पत्रकांवर वाढलो. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात वडील कामगार होते आणि युनियनचं लिखाण त्यांच्याकडे असायचं. घरात पत्रकांचे गठ्ठे इतके, की माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं त्यांचीच, पोहे खायला घ्यायचे तेही त्यांच्यावरच. छपाई बिघडलेल्या पत्रकांची पाठ कोरी असायची, तिच्यावर मी पाढे लिहायचो. अक्षरओळख झाली ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांपासून. स्टीलच्या पट्टीने घडी घालत रविवारची दुपार जायची, आणि घडी घालण्याआधी वडील प्रत्येक गठ्ठ्यातलं वरचं पत्रक उचलून आधी तळ बघायचे. मजकूर नाही, तळ. तिथे प्रकाशकाचं नाव आणि पत्ता आहे ना?

एकदा युनियनमधल्याच कुणीतरी निनावी पत्रक काढलं. एका मॅनेजरविरुद्ध होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी तेव्हा आठवीत असेन, वाचून अंगावर काटा आला होता. वडिलांनी तो गठ्ठा मोरीतल्या बादलीत बुडवला. मी विचारलं, खोटं आहे का? म्हणाले, “खरं आहे. पण खाली नाव नाही. म्हणजे भिंतीआडून मारलेला धोंडा. धोंडा लागतो तिसऱ्यालाच.”

हे मला तोंडपाठ होतं, म्हणून आधीच सांगितलं. माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

कुवेतला मी येऊन आता दोन वर्षं होतील. मीना अब्दुल्ला या रिफायनरीच्या भागातल्या एका कंत्राटदाराकडे मी ड्रॉइंगं सांभाळतो. कुठली आवृत्ती चालू, कुठली रद्द, कुठली कुणाकडे गेली. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात: कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. एक जरी चौकोन रिकामा असला तरी मी ड्रॉइंग परत पाठवतो, मग समोरचा कितीही मोठा साहेब असो. यात मला आनंद होतो हे कबूल करतो.

सालमियात आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहायचो, अजून राहतो. समुद्र दोन मिनिटांवर, पण घरातून बघायचा तर न्हाणीघरात बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहावं लागतं. एक पुण्याचे इंजिनिअर, पन्नाशीतले, चांगले उंच, रिफायनरीत काम करतात. मुलांच्या शिक्षणासाठी बायको पुण्यातच राहिलेली. त्यांना मी सर म्हणतो, ते मला चिडवायचं असलं की ‘राजे’ म्हणतात. दुसरे भाई. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सतरा वर्षं इथे आहेत, अर्दियाला एका टायरच्या गोदामात स्टोअरकीपर. ते मला पहिल्या आठवड्यापासून ‘पुढारी’ म्हणत आले.

शुक्रवारी भाई नमाजहून आले की मासळीचं सार टाकायचे. गावाहून आणलेली आमसुलं एका डब्यात असत आणि तो डबा आम्हाला उघडायची परवानगी नव्हती. जेवण झालं की सरांचा लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि ती मालिका लावायची. इंग्लंडमधली गुन्ह्यांची विनोदी मालिका. चार मित्र गावाकडे एक मोडका पब चालवायला घेतात आणि पहिल्याच दिवशी तळघरात पिंपांमागे मुडदा सापडतो. पोलिसांना कळवलं तर पबाचं लायसन्स जाणार, म्हणून लपवतात. ते लपवायला दुसरी भानगड, ती निस्तरायला तिसरी. असे भागांवर भाग.

दारूचा थेंब जिथे मिळत नाही, आणि सापडला तर माणूस विमानात बसवला जातो, अशा देशात शुक्रवारी दुपारी तीन माणसं पब बघत बसायची. त्यात सर्वांत जास्त रंगायचे भाई, ज्यांनी जन्मात कधी दारू चाखली नव्हती.

“ओत, ओत, सरबत ओत,” ते पडद्याला सांगायचे.

“भाई, ते सरबत नाहीये,” सर.

“मना म्हायत हाय. माझ्या घरात तो सरबतच.”

“आणि ते मरतायत ते?”

“ते मरू देत. बैठक बघ ना कशी हाय. आमच्या जेटीवर संध्याकाळचे असेच बसतात सगळे. फक्त मुडदा नाय.”

मालिकेत एक ठरलेली गंमत होती. पोलीस पबात शिरला की ज्याने भानगड केली असेल तो शांतपणे शेजारच्याकडे बोट दाखवायचा. शेजारचा त्याच्या शेजारच्याकडे. बोट फिरत फिरत शेवटी भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे जायचं. भाई दर वेळी मांडीवर थाप मारायचे. मीही हसायचो, आणि हसून झाल्यावर भाषण द्यायचो, की छोट्या मालकाला गोड दाखवून त्याचा फसवेपणा कसा पचवला जातो. सर म्हणायचे, “राजे, पडद्यासमोरून सरका.”

थंडीच्या सुरुवातीला मराठी मंडळाने संमेलनासाठी वीस मिनिटांचे नाट्यप्रवेश मागवले. मी चार दिवसांत लिहिला. मालिका उचलली नाही. माणसं माझी, भानगड माझी. पण पब ठेवला. तिघं मित्र, एक पब, एक मुडदा. भाई पबाचे मालक, मी नोकर आणि सर मुडदा, कारण त्यांच्या कमरेची गादी सरकलेली होती आणि जमिनीवर ताठ पडून राहायला डॉक्टरनेच सांगितलं होतं.

वाचून झाल्यावर भाई म्हणाले, “मस्त लिवलंस. पण पब कशाला? सरबताचं दुकान कर ना. आमसुलाची पिंपं ठेव. पिंपात मुडदा. लोक जास्त हसतील.”

खरं तर कल्पना माझ्यापेक्षा चांगली होती. ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच बहुतेक मी भडकलो.

“भाई, ही आपणच आपल्याला लावलेली कात्री झाली. कुणी मनाई केलीय का? नाटकातल्या पबाला?”

“कात्री कसली. रीत म्हणतात ह्याला. दुसऱ्याच्या घरात पाय पसरून बसत नाय आपण.”

“घाबरलेल्या माणसाला सगळीकडे रीतच दिसते.”

हे मी सतरा वर्षं घराबाहेर राहून चार बहिणींची लग्नं करून दिलेल्या माणसाला म्हणालो. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. भाई मात्र हसले. “बरं पुढारी. तू लिवलास, मी उभा ऱ्हातो. माझी पोरगी बघंल तरी बापाला श्टेजवर.”

त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्षाला चाळीस दिवस, एवढीच तिची आणि त्यांची ओळख. जन्मली तेव्हा ते इथे होते, चालायला लागली तेव्हाही इथेच. या वर्षी पहिल्यांदा त्यांना बायको-मुलीला आणायची सोय झाली होती. फॅमिली व्हिसाचे कागद आत गेले होते आणि कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस, म्हणाला होता की आता आज-उद्या. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक खोली त्यांनी बघून ठेवली होती. पलंगाखाली पडद्यांचं कापड घेऊन ठेवलं होतं, निळं, त्यावर पिवळे मासे. संमेलनाच्या आधी त्या दोघी इथे पोचतील असा हिशेब होता. भाई गोदामात टायर मोजताना संवाद पाठ करायचे.

तालमी शुक्रवारी चार वाजता, आमच्याच हॉलमध्ये. व्हिनेगरच्या आणि द्राक्षरसाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन मी त्यात आमसुलाचं पाणी भरलं. त्यासाठी भाईंनी आपला डबा स्वतः उघडून दिला. भाई मालक म्हणून उभे राहिले की खोलीचा पब व्हायचा. मी बरंच वाईट लिहिलं होतं. ते त्यांच्या तोंडून चांगलं वाटायचं.

आणि मग मला पत्रक सुचलं.

सुचणारच. माझ्या रक्तातच आहे, काही चांगलं होऊ घातलं की आधी पत्रक निघतं. मंडळाने अजून हॉल पक्का केलेला नव्हता, आमचा प्रवेश निवडलेलाही नव्हता. मी म्हटलं, आपण आधीच लोकांत कुतूहल निर्माण करू, मग मंडळ नाही कसं म्हणेल? एका शनिवारी बसून मजकूर केला. वर मोठ्या अक्षरात: सालमियात नवा पब! खाली मराठीत: तीन मित्र, एक तळघर, एक मुडदा. या, पोट दुखेपर्यंत हसा. लवकरच एका शुक्रवारी, दुपारी चार वाजता. जागा फोनवर कळेल.

‘नाटक’ हा शब्द मी मुद्दाम गाळला. कुतूहलासाठी. शिवाय बिल्डिंगीत केरळचे, पंजाबचे, श्रीलंकेचे लोक, म्हणून हिंदीत आणि इंग्रजीतही मजकूर टाकायचं ठरलं. त्यांना जागा उरली दोन-दोन ओळींची. त्यातून तळघर गेलं, मुडदा गेला, हसणं गेलं. उरलं ते एवढंच: सालमियात नवा पब. तीन मित्र. शुक्रवारी चार वाजता. फोन करा.

आणि तळाशी नंबर. नंबर भाईंचा. मी आणि सर दिवसभर प्लांटमध्ये. आमचे फोन गेटवरच काढून घेतात. भाई गोदामात असतात, फोन कायम खिशात. त्यांना विचारलं. ते तांदूळ निवडत होते. “टाक की,” म्हणाले. “तिकिटाचं विचारतील, सांगीन मी.” त्यांनी पत्रक वाचलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा, म्हणजे वाचायची गरज नव्हती.

प्रकाशकाचं नाव टाकलं नाही. जागाच नव्हती, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. वडिलांच्या पत्रकात जागा नसली की ते मजकूर कापायचे.

शंभर प्रती काढल्या. लिफ्टमध्ये लावल्या, खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, काउंटरवर ठेवल्या, बस थांबतात तिथल्या खांबावर चिकटवल्या. इथे परवानगीशिवाय काहीही चिकटवायचं नसतं. तेही मला ठाऊक होतं. खळीचा वास नाकात गेला आणि मी सातपूरच्या गेटवर होतो, बस्स.

लिफ्टमधलं पत्रक हारिसने काढलं. हारिस म्हणजे बिल्डिंगीची देखभाल करणारा; आमचा इजिप्तचा आहे, म्हातारा. पत्रक माझ्या हातात देऊन म्हणाला, “रफीक, ये मम्नू. बहुत मम्नू.” मनाई आहे म्हणून. मी त्याला कलेविषयी काहीतरी ऐकवलं. त्याने खांदे उडवले आणि पायपुसणं झटकायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून भाईंना फोन सुरू झाले. पहिले दोन-तीन आम्ही स्पीकरवर ऐकले.

“भाईसाब, क्या क्या रखा है?”

“क्या रखा मतलब? नाटक है. मुडदा है एक.”

“हाँ हाँ, नाटक. समझ गया. फोन पे मत बोलो. मैं आके मिलता हूँ.”

“अरे बाबा, खरोखर नाटक है!”

“बिलकुल. हमारे पुराने कॅम्प में उसको ‘दवाई’ बोलते थे.”

आम्ही हसून हसून लोळलो. भाईसुद्धा. सर मात्र हसता हसता एकदम उठून बसले, कमरेला हात लावून. “राजे, हे थांबवायला हवं. आज, आत्ता. जाऊन सगळी काढून आण.”

“सर, पत्रक चालतंय. एवढा प्रतिसाद माझ्या वडिलांच्या पत्रकांना नव्हता.”

“हा प्रतिसाद पबाला आहे रे, तुझ्या नाटकाला नाही.”

“लोकांची तहान दिसते यातून. समाजाचं काहीतरी कळतं.”

“समाजाचं कळेल. भाईंचं काय?”

मी म्हटलं, भीती. पुण्याची मध्यमवर्गीय भीती. जाऊन एकही पत्रक काढलं नाही.

पाचव्या दिवशी कामावरून सालमियात बसमधून उतरलो तर सर फुटपाथवर उभे होते. कामावरून आले की ते पुन्हा कधी खाली उतरत नाहीत, कमरेमुळे. म्हणाले, “भाईंना मखफरमध्ये बोलावलंय.” मखफर म्हणजे पोलीस ठाणं. कुणीतरी तक्रार केली होती: या नंबरावर दारू विकली जाते. दोन वाजल्यापासून ते तिथे होते. सरांनी कंपनीला फोन केला होता, मंदूब वाटेत होता. “मला आत सोडेनात. म्हणाले, ज्याचा नंबर तोच. तू जा. तूच लिहिलंयस.”

इथे मला जे सांगायचं आहे ते लवकर सांगून टाकतो, नाहीतर सांगणारच नाही.

मी गेलो नाही. वर गेलो. टेबलाशी बसलो आणि निवेदन लिहायला घेतलं. मला वाटलं, नुसतं जाऊन काय बोलणार, लेखी काहीतरी हवं. पहिलं पान इंग्रजीत, नाट्यकलेच्या स्वातंत्र्यावर. फाडलं. दुसरं, सांस्कृतिक गैरसमजावर. तिसऱ्यात ‘आम्ही’ असा कर्ता होता. ‘आम्ही हे पत्रक काढलं.’ सर दारात उभे राहून बघत होते. तास उलटून गेला. मी काय करत होतो? घाबरलो होतो. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, माझी दोन वर्षं, माझ्या नावासमोरचा शिक्का. इतरांना भित्रा म्हणणारा मी बसून सुंदर वाक्यं करत होतो.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. आठवड्यातून एकदा येतो तसा. आवाजावरून त्यांना कळलं. मी सगळं सांगितलं, म्हणजे सगळं नाही. ते म्हणाले, “पत्रक वाच बघू.” वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “तळाला कुणाचं नाव आहे?”

“कुणाचंच नाही.”

“नंबर कुणाचा?”

मी सांगितलं.

“मग तू अजून घरी काय करतोयस?” एवढंच. फोन ठेवलाही त्यांनीच.

मी बूट न घालता चपलेवर निघालो. जिन्यात हारिस भेटला. माझा चेहरा बघून त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि तो म्हातारा डोक्यावर टोपी चढवून माझ्यामागून टॅक्सीत येऊन बसला.

मखफरमधल्या अधिकाऱ्याच्या खोलीत भाई खुर्चीवर सरळ बसले होते, गोदामाच्या गणवेशात, हात गुडघ्यांवर. समोर चहाचा पेला, भरलेला. मंदूब त्यांच्या शेजारी. टेबलावर माझं पत्रक, चिकटवलेल्या कोपऱ्यांसकट खरवडून आणलेलं. मी म्हटलं, हे मी लिहिलं, मी छापलं, मी चिकटवलं, यांनी ते वाचलेलंही नाही.

अधिकारी माझ्याच वयाचा असेल. त्याने माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या कागदाकडे. इंग्रजीत म्हणाला, पण यांनी सांगितलं की यांचं आहे. जबाब होऊन गेलाय, अर्ध्या तासापूर्वी सही झाली. मग जरा वैतागून म्हणाला, “इथे बसलेली दोन माणसं नेहमी एकमेकांकडे बोट दाखवतात. तुम्ही दोघं स्वतःकडे दाखवताय. मी काय लिहू?”

मी भाईंकडे वळलो. “भाई, का सांगितलंत असं?”

“नंबर माझा हाय ना खाली?” ते म्हणाले. “मंग कागद माझा.”

सातपूरमध्ये कुणी हे त्यांना शिकवलेलं नव्हतं.

पुढचं हारिसने केलं. तो अधिकाऱ्याशी अरबीत बोलला, लांबलचक, हातवारे करून. मंदूबने मला नंतर सांगितलं तो काय म्हणाला: ही माणसं दर शुक्रवारी चार वाजता त्या उंच माणसाला मारतात. मी भिंतीपलीकडून ऐकतो. आधी भांडतात, मग उंचवाला धपकन पडतो, मग हे रडतात. मग उंचवाला उठून चहा करतो. मला पण देतो. बाटलीतलं लाल पाणी मी पहिल्या शुक्रवारीच प्यायलो आहे. आंबट आहे. ते फार वाईट आहे.

अधिकारी हसला. नंतर दोन माणसं आमच्या फ्लॅटवर जाऊन बाटल्या हुंगून आली आणि प्रश्न मिटला. लेखी हमी घेतली: असं पत्रक पुन्हा काढणार नाही, चिकटवणार नाही. मी आधी सही केली, मग भाईंनी. अधिकाऱ्याने बाहेर पडताना विचारलं, नाटकात शेवटी मुडदा कुणी पाडलेला असतो? मला उत्तर आठवेना. भाईंनी सांगितलं.

इथे मालिकेतला भाग संपला असता.

पण तक्रार नोंदली गेली होती नंबरावर, आणि पहिला जबाब भाईंचा होता. मी तासभर आधी गेलो असतो तर तो जबाब माझा असता. मंदूबने गाडीतच सांगितलं, अगदी सौम्यपणे: व्हिसाचा अर्ज याच नंबरावर आहे. आता काही महिने हा नंबर शांत राहू दे. नवी तक्रार आली तर हमी मोडली असं धरतील, मग बायको-मुलीचं सोडा, तुमचंच अवघड होईल. शांत राहिला तर मी अर्ज पुन्हा पुढे सरकवतो. नंबर बदला म्हणालो मी. तो म्हणाला, मध्येच बदलला तर सगळे कागद पहिल्यापासून, आणि वर प्रश्न येणार, का बदलला.

भाई खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, “पोरीला सांगायला लागंल, सुट्टीत नाय जमत.” थोड्या वेळाने म्हणाले, “सरबताचं दुकान केलं असतंस तर फोन तरी चांगलं आले असते.” मी हसावं म्हणून म्हणाले. मी हसू शकलो नाही, तेव्हा तेच हसले.

प्रवेश आम्ही मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मी खांबाखांबांवरची पत्रकं नखांनी खरवडून काढली, बकाल्यातली गोळा केली. शंभरातली एक्क्याऐंशी परत मिळाली. उरलेल्यांमुळे मला झोप नाही. त्यांतल्या एकाचा कुणीतरी फोटो काढलेला आहे, आणि तो ग्रुपांवरून ग्रुपांवर फिरतो आहे. महबुल्लाहून फोन येतो, अब्बासियाहून येतो. परवा भाई सार ढवळत असताना आला: “भाईसाब, वो सालमिया वाला पब चालू है?” भाईंनी गॅस बारीक केला आणि अतिशय अदबीने सांगितलं की चुकीचा नंबर आहे. आपला नंबर सतरा वर्षांत त्यांनी कधी चुकीचा म्हटला नव्हता.

मालिका अजून लागते शुक्रवारी. बोट फिरायचा प्रसंग आला की भाई अजून मांडीवर थाप मारतात, मला बरं वाटावं म्हणून थोडी जोरातच. मी उठून न्हाणीघरात जातो, बादलीवर उभा राहतो, समुद्र बघतो. खाली उतरतो. पुन्हा चढतो. पलंगाखाली माशांचं कापड आहे.

या लिखाणात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, माझंही नाही. वडिलांना हे पटणार नाही. पण माझं नाव लिहिलं की फ्लॅट कळतो, आणि फ्लॅट कळला की भाई कळतात. पुन्हा एकदा माझ्या मजकुराखाली त्यांचाच नंबर येतो. म्हणून नावाऐवजी हे सगळं जसं झालं तसं लिहिलं. कागद माझा आहे.

आता तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही कुवेतमध्ये असाल किंवा तुमचं कुणी इथे असेल, तर फोन हातात घ्या आणि एक फोटो शोधा: पांढरा कागद, वर मोठ्या अक्षरात सालमियात नवा पब, तळाला नंबर. सापडला तर पुसा. तुम्ही तो पुढे पाठवला असेल तर ज्याला पाठवला त्याच्याकडूनही पुसून घ्या. आणि त्या नंबरावर फोन करू नका, माफी मागायलासुद्धा नको. तो काही महिने शांत राहिला पाहिजे. एका नऊ वर्षांच्या मुलीला त्याच नंबरावरून कळायचं आहे की विमानाचं तिकीट झालं.